आठ नंबरची फुली

पावाची पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेता घेता त्रूदाची नजर सहज अंगणातल्या चौकटीकडे गेली, आणि पिशवी दोन्ही हातांच्या मध्येच कुठेतरी राहिली. दोन उभे खांब, वर एक आडवा दांडा, कमरेच्या उंचीवर दुसरा. गालिचे झोडायला म्हणून कुणीतरी कधीतरी रोवलेली ही लोखंडी चौकट लाल विटांच्या चार घरांच्या मधोमध इतकी वर्षं उभी होती, की ती दिसेनाशीच झाली होती. आपलं नाक आपल्याला दिसत नाही तशी. आज दिसली. उजव्या खांबावर, छातीच्या उंचीला, तळव्याएवढा रंग खरवडून निघाला होता. वर हिरवा, त्याखाली पिवळा, मग निळा, मग शेंदरी, एकाखाली एक, प्रत्येक रंगात कुणाचं ना कुणाचं लहानपण वाळलेलं. आणि सगळ्यांच्या तळाशी उघडं पोलाद. त्यावर छिन्नीने मारलेली फुली, आणि फुलीशेजारी मटाराएवढं वर्तुळ. वर्तुळात आठ. त्रूदाने पिशवी जमिनीवर ठेवली. पाव जमिनीवर ठेवू नये, ठेवला तर उचलून त्याचा मुका घ्यावा, असं आई सांगायची. ते तिला ठेवल्यावर आठवलं, पण ती वाकली नाही.

आठ नंबर म्हणजे एवाल्ड, नळ्यांच्या कारखान्यातला त्रूदाचा जुना मास्टर. कारखान्यात तपासनीसाला पहिल्या दिवशी एक पंच मिळतो, बोटाएवढा, टोकाला त्याचा नंबर कोरलेला. तो खिशात ठेवायचा, कुणाला उसना द्यायचा नाही, जी नळी आपण पास केली किंवा बाद केली तिच्यावर उमटवायचा, आणि निवृत्त होताना परत करायचा. मग सगळ्यांसमोर ग्राइंडरवर धरून त्याचं टोक सपाट करतात. ठिणग्या उडतात, लोक टाळ्या वाजवतात, फुलं देतात. त्रूदाचा पंच एकतीस नंबरचा. तो येत्या शुक्रवारी घासला जायचा होता. एवाल्डचा आठ केव्हाच घासला गेला, पण तपासणीच्या हॉलमध्ये दारावर त्याचा फोटो अजून आहे, आणि त्याखाली कुणीतरी सुंदर अक्षरात लिहिलेलं, ‘एकही चुकीचा शिक्का नाही’. नवी मुलं त्या फोटोखालून जाताना उगाच टोपी सारखी करतात. आणि फुली म्हणजे बाद. फुलीची नळी बॉयलरला जात नाही, जिथे आतून वाफ रेटत असते आणि बाहेर माणसं उभी असतात. त्या काळी बाद झालेल्या नळ्या वस्तीला मिळत. रविवारी प्रार्थनेनंतर बायका कॉफीच्या किटल्या घेऊन यायच्या, पुरुष वेल्डिंग करायचे, आणि फुटबॉलचे गोल, कपडे वाळवायचे खांब, कबरींची कुंपणं, फादरच्या द्राक्षवेलीचा मांडव, असं काय काय उभं राहायचं. सगळी वस्ती बाद नळ्यांवर उभी होती, आणि चांगली उभी होती. तेव्हा चौकटीवर फुली असावी यात नवल काहीच नव्हतं. तरी त्रूदा तिथून हलली नाही.

तिच्या मागे क्लारा येऊन उभी राहिली होती. तळमजल्यावरची क्लारा, रंग तिनेच खरवडला होता, नातीच्या गुडघ्याला पोपडा लागला म्हणून, आणि फुली पाहून तिनेच सोसायटीच्या कचेरीत फोन केला होता. हे सगळं तिने एका श्वासात सांगितलं. कचेरीचा नॉर्बर्ट तेवढ्यात पोचलाच. पस्तिशीचा, उन्हातही टाय लावणारा, समोरच्याची अडचण आधी स्वतःच्या चेहऱ्यावर घेणारा. त्याने फुलीचा फोटो काढला, चौकटीला हळूच हात लावून पाहिला, आणि त्रूदाला म्हणाला, की तुमच्या हाताखालून आयुष्यभर नळ्या गेल्या, तुम्हीच तपासून दोन ओळी लिहून द्या. बाद असेल तर गुरुवारी सकाळी कापणारे येतातच, पलीकडच्या अंगणातलं जुनं कुंपण काढायला. त्याच गाडीत ही जाईल.

“आणि ठीक असेल तर?” त्रूदाने विचारलं.

“तर राहील. पण मग ही फुली का, ते लिहावं लागेल, गेर्ट्रुडाबाई. विमावाले विचारणार.” त्रूदाचं कागदावरचं पूर्ण नाव तो एकटाच घ्यायचा.

“ठीक कशी असेल?” क्लारा म्हणाली. “आठ नंबर कधी चुकलाय का?”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती, आणि म्हणूनच ते त्रूदाला टोचलं. नॉर्बर्ट गेला, क्लारा गेली, पाव पायाशी तसाच राहिला. नळी बाद असेल तर चौकट जाणार. नळी चांगली असेल तर आठ नंबर चुकला होता. वरच्या मजल्यावर, तिसऱ्या खिडकीत, कठड्यावर उशी ठेवून, तिच्यावर दोन्ही कोपरं टेकून एवाल्ड बसला होता. खिडकीत उशी घेऊन बसणं ही इथल्या म्हाताऱ्यांची नोकरीच असते. फरक एवढाच, की एवाल्डला सहा वर्षांपासून दिसत नव्हतं. तो अंगण ऐकत बसायचा.

रात्रभर म्हणण्याइतकी ती जागी नव्हती, पण झोपही अशी नव्हती की चौकट विसरावी. लग्नाआधी एकदा खालच्या दांड्यावर योर्ग बसला होता, पाय हलवत, आणि म्हणाला होता की आईला तू आवडतेस, मला तर आवडतेसच, मग आता करायचं काय. योर्ग जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या पोरीचा, मारिकाचा, दुधाचा दात याच दांड्यावर आपटून पडला. तिने तो मुठीत धरून वर आणून दाखवला होता, रक्ताळलेल्या तोंडाने हसत, पदक मिळाल्यासारखा. इस्टरच्या आधीच्या शनिवारी चारही घरांच्या बायका गालिचे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि वेताच्या झोडण्याचा आवाज भिंतीवर आदळून दुप्पट होऊन परत यायचा. ज्या बाईचं नवऱ्याशी बिनसलं असेल तिचा गालिचा जास्त स्वच्छ निघतो, असं सगळ्या हसून म्हणायच्या. आणि मुली. गुडघे दांड्यात अडकवून उलट्या लोंबकळणाऱ्या, वेण्या धुळीला लागलेल्या मुली, पिढ्यान्‌पिढ्या तेच गाणं म्हणणाऱ्या,

एक गिरकी घरच्यांना, एक गिरकी दारच्यांना,
तिसरी गिरकी आभाळाला, पाय लागले कौलांना.

हे गाणं त्रूदाने म्हटलं नव्हतं. चौकट रोवली गेली तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची होती, नोकरीवर लागलेली, लोंबकळायचं वय सरलेलं. पण मारिकाने म्हटलं, आणि काल क्लाराची नात म्हणत होती. गुरुवारनंतर ते म्हणायला दांडा नसेल, आणि दांडा नसला की गाणं किती दिवस टिकतं? मग तिला वाटायचं, लिहून टाकावं की ठीक आहे. आणि लगेच हॉलमधला फोटो आठवायचा, आणि त्याच्याखालचं सुंदर अक्षर. छप्पन्न हजार नळ्यांवर आठचा शिक्का असेल. एक फुली चुकीची निघाली की लोक बाकीच्यांकडेही बघायला लागतात. क्लारा बघेल. दुपारी पावाच्या रांगेत सांगेल. आणि तो वर खिडकीत बसलेला, ऐकेल.

तिला नळी ऐकायला त्यानेच शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्याने तिला दोन नळ्यांपुढे उभं केलं, एक पत्रा वळवून जोडलेली, एक बिनजोड, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याला आरपार भोक पाडून ओढलेली. म्हणाला, जोडाच्या नळीचा संशय एका रेषेवर घ्यायचा. हिला रेषच नाही. म्हणून हिचा संशय सगळीकडे घ्यायचा, पण प्रेमाने. मग हातोडीने टोला द्यायचा आणि कान लावायचा. चांगली नळी लांबपर्यंत बोलते, चर्चची घंटा थांबल्यावरही हवेत राहते तशी. आत पापुद्रा असेल, पोलादाने पोलादाला पुरतं धरलं नसेल, तर आवाज मध्येच बसतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. यंत्रं होतीच, पण एवाल्ड आधी ऐकायचा आणि मग यंत्राला विचारायचा, यंत्राची परीक्षा घेतल्यासारखा. टोकाची बांगडी कापून ती दाबयंत्राखाली चपटी करत, भिंतीला भिंत जवळजवळ टेकेपर्यंत. तडा गेला नाही तर पास. तो ती चपटी बांगडी हातात घेऊन अंगठ्याने कडा चाचपायचा आणि खिशात टाकायचा; घरी त्याची बायको खिडकीतल्या वाटाण्याच्या वेलांच्या दोऱ्यांना त्या ओझं म्हणून बांधायची. आणि पाण्याची चाचणी. नळी पाण्याने भरून दाब चढवायचा आणि दहा सेकंद धरायचा, त्या दहा सेकंदांत कुठे घाम फुटतो का बघायचं. घड्याळ समोर टांगलेलं होतं. पण एवाल्डचे ओठ हलायचे. तो मारियेची प्रार्थना म्हणायचा, ती बरोबर दहा-अकरा सेकंदांची होते, आणि त्या दिवसांत कारखान्यात प्रार्थना म्हणणं कुणाच्या डोळ्यावर आलं असतं. त्रूदाला वाटायचं तो मोजतोय. वर्षभराने कळलं. त्याने तिला विचारलं होतं, तुला घड्याळ हवं की हे? ती म्हणाली, हे. तेव्हापासून तिने पास केलेल्या प्रत्येक नळीत एक प्रार्थना भरलेली आहे आणि विजेच्या कोणकोणत्या कारखान्यांना त्याचा पत्ता नाही.

बुधवारी पाळी संपल्यावर तिने जाडी मोजायचं यंत्र सही करून घरी आणलं. ऊन होतं, अंगणात कुणी नव्हतं. लिंडेनच्या फुलांचा वास कोळशाच्या जुन्या वासात मिसळून येत होता. तिने खांबावर जेलचा थेंब लावला, यंत्राचं टोक टेकवलं. चार पूर्णांक आठ. एक वीत खाली, चार पूर्णांक सात. पाच मिलिमीटरची भिंत, एकेचाळीस वर्षांचा पाऊस, बर्फ, गालिचे आणि गुडघे खाऊन इतकीच झिजली होती. ती दर चार बोटांवर थांबत गेली, वर्तुळाकार, वर, परत खाली, आडव्या दांड्यावर, खालच्या दांड्यावर. एकच नळी कापून सगळी चौकट केली होती, हे सांध्यांवरून कळत होतं. आत कुठे पापुद्रा असता तर आकडा एकदम अर्ध्यावर आला असता. नाही आला. मग तिने खिशातून हातोडी काढली. टोला दिला, आणि खांब बोलला. जमिनीत रोवलेला, रंगांनी लपेटलेला, तरी बोलला, लांब, स्वच्छ. दुसरीकडे दिला. तिसरीकडे. तो आवाज एरवी तिला फार आवडतो, पण आज प्रत्येक टोल्याला तिच्या मनात एक खिळा बसत होता. नळी चांगली आहे. नळी उत्तम आहे. आठ नंबर चुकला.

चौथा टोला द्यायला तिने उजवा हात आधारासाठी फुलीच्या वर टेकवला, रंगावर, जिथे खरवडलेलं नव्हतं. आणि तिचा अंगठा आपोआप एका खळग्यात बसला.

रविवारी ती बटाट्याचे गोळे करते, पांढरे, मऊ, आणि प्रत्येक गोळ्यात अंगठ्याने खळगा पाडते, रस्सा साठायला. हा खळगा तसाच होता. उथळ, गुळगुळीत, अंगठ्याच्या मापाचा. तिने हातोडी ठेवली आणि नखाने रंग काढायला लागली, हिरवा, पिवळा, निळा, शेंदरी. खाली पोलाद चकाकत नव्हतं, पण त्यावर ग्राइंडरच्या बारीक रेषा होत्या, डावीकडून उजवीकडे किंचित चढत जाणाऱ्या. डावखुऱ्या माणसाच्या. हॉलमध्ये तेव्हा एकच डावखुरं माणूस होतं, ती स्वतः.

ती सकाळ तिला आठवत नव्हती असं नाही. ती तिने कधी उघडली नव्हती, एवढंच. नोकरीला चार महिने झालेले. वडील खाणीत दगावलेले, धाकटी दोन भावंडं, आणि फोरमन द्रोझ्द, ज्याला बायका तपासणीत नकोच होत्या, आणि जो रोज विचारायचा की आमच्या नाजूक बाईंनी आज काय मोडलं. नळीच्या टोकाजवळ पृष्ठभागावर एक खवला होता, नखाएवढा, वरवरचा. तो घासून काढायला परवानगी असते. ग्राइंडर तिच्या हातात नवा होता, आणि पोलादातून ठिणग्या इतक्या सुंदर निघत होत्या, की ती दोन क्षण जास्त थांबली. खवल्याबरोबर नंबर गेला. भट्टीचा नंबर, सहा आकडी, जो सांगतो की हे पोलाद कोणत्या भट्टीत, कोणत्या दिवशी, कशापासून झालं. तो घासण्याआधी शेजारी पुन्हा उमटवायचा, साक्षीदारासमोर, हा पहिला धडा असतो. आधी नाव लिहून घ्यायचं आणि मग तोंड पुसायचं. त्या दिवशी नळ्या रचायच्या घोडीवर दोन भट्ट्यांचा माल एकत्र लागला होता. म्हणजे ही नळी कुणाची, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं. नळी कितीही धडधाकट असो, नाव हरवलं की ती बाद, आणि जिने नाव हरवलं तीही, द्रोझ्दच्या हिशेबाने. ती एवाल्डपाशी गेली होती. तिच्या तोंडून एवढंच निघालं होतं, “मास्टर, नंबर गेला.” त्याने नळीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही, आणि म्हणाला, जा, कॉफी पिऊन ये. ती परत आली तेव्हा नळीवर लाल पट्टा होता, फुली होती, आणि नोंदवहीत एवाल्डच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, आतून पापुद्रा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, सुटकेचं. बघ, नळी मुळातच खराब होती, माझ्या चुकीने काहीच बिघडलं नाही, देवाने वाचवलं. एकेचाळीस वर्षं ती असंच समजून चालली. देवाला त्या सकाळीबद्दल तिने कितीदा तरी मेणबत्ती लावली होती.

अंगण गप्प होतं. तिचा अंगठा अजून खळग्यात होता. ज्या माणसाच्या फोटोखाली तसं लिहिलंय, त्याने आयुष्यात एकदा खोटं लिहिलं होतं, आणि ते तिच्यासाठी. आणि मग ती खोटी ठरवलेली खरी नळी कुणीतरी तिच्याच दारात रोवली होती, जिच्यावर तिचा नवरा बसला, जिच्यावर तिच्या पोरीचा दात पडला. तिने यंत्र पिशवीत टाकलं आणि एवाल्डचा जिना चढली.

एवाल्डच्या स्वयंपाकघराचं दार उघडंच असायचं. तो खिडकीतून वळला नाही.

“तीनदा ठोकलंस,” तो म्हणाला. “चौथ्याला थांबलीस.”

“थांबले, मास्टर.”

“यंत्र काय म्हणतंय?”

“चार पूर्णांक सात, चार पूर्णांक आठ. सगळीकडे.”

“बरं आहे मग.” त्याने उशी नीट केली. “कॉफी केटलीत आहे. चिकोरी घातलेली, तुला आवडत नाही ती.”

तिने दोन कप भरले, त्याच्या हाताला एक लावला, आणि सरळ विचारलं, आत पापुद्रा होता का. होता, तो म्हणाला. नव्हता, ती म्हणाली. तो म्हणाला, तुझ्या यंत्राला काय कळतंय, माझ्या काळी मी कानाने सांगायचो. ती म्हणाली, तुमच्या कानाला पण आत्ता तिन्ही टोले ऐकू आलेत. त्यावर तो कॉफी फुंकत राहिला, ती गार झालेली असूनही. शहाऐंशी वर्षांचा माणूस पकडला गेल्यावर कसा दिसतो ते त्रूदाने पहिल्यांदा पाहिलं. तो लाजला होता, कान लाल झाले होते. सकाळी काय खाल्लं ते त्याला सांगता येत नसे, गेल्या महिन्यात त्याने तिला बायकोच्या नावाने हाक मारली होती. पण हे तो विसरला नव्हता.

“ती चौकटीला लावली, तेही तुम्हीच?”

“फुलीची नळी भंगारात गेली असती,” तो म्हणाला. “उगाच? इतकी चांगली? मी म्हटलं, इथे रोवा. नजरेसमोर राहील.” मग, जरा वेळाने, “तेव्हा नजर होती.”

तिने त्याला नॉर्बर्टचं सांगितलं, गुरुवारच्या गाडीचं, दोन ओळींचं. तो ऐकत होता. म्हणाला, पापुद्रा लिही, जाऊ दे चौकट, आता गालिचे कोण झोडतं, सगळ्यांकडे ते धूळ हुंगणारं मशीन आहे. ती नाही म्हणाली. मग म्हणाला, लिही, म्हातारा चुकला. माझ्या फोटोला काय होतंय, फोटोला मी दिसतो कुठे. तेही ती नाही म्हणाली. ती म्हणाली की खरं आहे तेच लिहिणार, नंबर त्रूदाने घासला, ओळख गेली, म्हणून बाद. पापुद्र्याचं त्यात नसेल. जुनी वही कोण उघडतंय? तेव्हा मात्र एवाल्ड खुर्चीत ताठ झाला. तिचा हात शोधत त्याचा हात टेबलावरून सरकला, आणि मनगटावर पडला, जड, कोरडा.

“शुक्रवारी तुला फुलं घ्यायची आहेत, पोरी. परवा.”

“घेईन ना. काटे असले तरी घेईन.”

“लोक म्हणतील, पहिल्या वर्षी नंबर घासलेली बाई.”

“मग म्हणू देत. होतेच.”

त्याने मनगट सोडलं नाही. बाहेर कबुतरं एका छपरावरून दुसऱ्या छपरावर गेली. त्याने मान त्या दिशेने वळवली, पंख संपेपर्यंत ऐकलं. मग हळू आवाजात, पाठ म्हणावं तसं, म्हणाला, “सहा, एक, चार, तीन, शून्य, सात.”

तिला कळायला वेळ लागला.

“भट्टीचा नंबर तुम्हाला माहीत होता?”

“सकाळी घोडीवर माल लागला तेव्हा वाचला होता. मी सगळे वाचायचो.”

“मग तेव्हाच का नाही मारून घेतला? तुमच्या शब्दावर—”

“शब्दावर?” तो जवळजवळ चिडला. “नंबर शब्दावर मारतात का? साक्षीदार लागतो, घासायच्या आधी. नंतर राहते ती आठवण. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हे शिकवलं नव्हतं तुला?”

“मग आज कसा चालतो?”

एवाल्डने कप ठेवला. “आज मी कामावर नाही,” तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “आणि त्यात वाफ भरायची नाहीये. पोरं लोंबकळायची आहेत.”

तिने त्या संध्याकाळी त्याच्याच टेबलावर लिहिलं, त्याला मोठ्याने वाचून दाखवत. चौकटीची नळी बिनजोड, बाहेरचा व्यास सत्तावन्न, भिंत कुठेही साडेचार मिलिमीटरच्या खाली नाही, दोष आढळला नाही. बाद करण्याचं कारण, घासताना भट्टीचा नंबर नष्ट झाला. घासणारी, गेर्ट्रुडा, तेव्हा शिकाऊ, आता तपासनीस क्रमांक एकतीस. तो म्हणाला, ‘तेव्हा शिकाऊ’ काढ, सबब वाटते. तिने काढलं. आणि त्या साऱ्या कागदात पापुद्र्याचा शब्द कुठे नव्हता, आणि तो नाही हे दोघांना ठाऊक होतं.

गुरुवारी सकाळी कापणाऱ्यांची गाडी अंगणाच्या कमानीत उभी होती, माणसं डबे उघडून पाव खात बसलेली. नॉर्बर्टने कागद दोनदा वाचला. क्लाराने त्याच्या खांद्यावरून एकदा वाचला, आणि त्रूदाकडे अशी बघत राहिली, की जणू शेजारणीच्या घरात एक खोली आहे आणि ती आज पहिल्यांदा दिसली. मग म्हणाली, तू? आणि मग म्हणाली, अगं, माझ्या लग्नातला केक मी जाळला होता ते कुणाला सांगितलंय मी अजून? नॉर्बर्टने टाय सैल केला. कागद पुरेसा आहे, तो म्हणाला, पण खांबावर फुली आहे ती आहेच. उद्या दुसरं कुणी बघेल आणि पुन्हा फोन करेल. त्रूदा म्हणाली, त्याची सोय आहे. नियमात आहे. फुली रद्द करायची तर तिच्याभोवती गोल काढायचा, शेजारी नंबर मारायचा, आणि तपासनीसाने आपला शिक्का द्यायचा. तिने पिशवीतून आकड्यांच्या पंचांचा डबा काढला, आणि खिशातून तो एक, बोटाएवढा, एकतीस नंबरचा, ज्याला उद्या टोक राहणार नव्हतं.

तिने छिन्नीने फुलीभोवती गोल काढला. खळग्यात अंगठा एकदा ठेवला, काढला, आणि बरोबर तिथेच, जिथून नाव पुसलं होतं, पंच टेकवला. सहा. टोला. एक. टोला. गाडीवरच्या माणसांनी खाणं थांबवलं. चार. टोला, घाम होता, पंच जरा सरकला. तीन. शून्य. सात. आणि सगळ्यात शेवटी वर्तुळातला एकतीस, डाव्या हाताने, जपून. खांबातून आवाज वर गेला, आडव्या दांड्यातून पलीकडच्या खांबात उतरला, आणि कुठेतरी जमिनीत जाऊन राहिला. क्लाराची नात दाराशी उभी होती, आजीच्या परवानगीची वाट बघत.

वरच्या तिसऱ्या खिडकीतून, उशीवरून, आवाज आला. तो कुणावर ओरडत नव्हता. हॉलमध्ये यंत्रांच्या वर ऐकू जाईल इतकाच तो आवाज होता, जसा पूर्वी असायचा.

“चौका हलका पडलाय. परत मार.”

त्रूदाने वाकून पाहिलं. चौका हलकाच पडला होता. तिने चारचा पंच परत उचलला, खुणेत बसवला, आणि मारला. मग हातोडी खाली धरून, मान वर करून, ती थांबली. खिडकीत एवाल्डचे ओठ हलत होते. ती त्याच्याबरोबर मोजत राहिली, दहा सेकंद, पूर्ण.